सोसायटीची कमिटी : मान, सही आणि जबाबदारी



स्मरणिकेच्या पानांवर धम्म, शिक्षण, आरोग्य, नोकरी या विषयांवर लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात बसून आपण ही स्मरणिका वाचतो, त्या घराच्या इमारतीचा कारभार कसा चालतो याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. सोसायटीची सभा म्हणजे भांडण, असे समजून अनेकजण तिकडे फिरकत नाहीत. आणि कमिटीवर नाव घातले तर "नुसती सही तर करायची आहे" असे म्हणून होकार देतात. ही नुसती सही किती वजनाची असते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

घर आपले, इमारत सर्वांची

नवी मुंबई वसविण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. वाशी, नेरुळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली, घणसोली असे विभाग उभे राहिले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. गिरणगावातील चाळीतून, मुंबईतील झोपडपट्टीतून, गावाकडच्या वस्तीतून आलेल्या कित्येक कुटुंबांना येथे पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे घर मिळाले. सिडकोच्या सोडतीत घर लागले ते अर्जावरून. त्यामुळे निरनिराळ्या जातिधर्माची, निरनिराळ्या भाषेची माणसे एकाच जिन्यावर शेजारी झाली. पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र चार भिंतींच्या आतले घर आपले असले तरी पाया, खांब, गच्ची, जिना, पाण्याची टाकी आणि ड्रेनेज सर्वांचे असते. वरच्या मजल्यावरची गळती खालच्या घराचे छत पाडते. म्हणून घर टिकवायचे असेल तर इमारतीचा कारभार नीट चालला पाहिजे.

हा कारभार दोनपैकी एका कायद्याखाली चालतो. बहुतेक इमारतींत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था असते. काही इमारतींत, विशेषतः सिडकोने बांधलेल्या काही जुन्या वसाहतींत, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालील अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते. दोहोंचे नियम वेगळे आहेत. कमिटीवर गेलेल्या माणसाने सर्वांत आधी आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहावे आणि उपविधींची प्रत मागून घेऊन वाचावी. या लेखात सहकारी संस्थेचाच विचार केला आहे.

मालक कोण?

सोसायटीत सर्वोच्च सत्ता सर्वसाधारण सभेची, म्हणजे सर्व सभासदांची असते. कमिटी सभासदांनी पाच वर्षांसाठी निवडलेली असते. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार हे त्या कमिटीचे पदाधिकारी. सेक्रेटरी पत्रव्यवहार व दप्तर सांभाळतो, खजिनदार पैसे व हिशेब पाहतो, चेअरमन सभा चालवतो व एकूण कारभारावर लक्ष ठेवतो. यांपैकी कोणीही इमारतीचा मालक नव्हे. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्या विश्वस्ताची जी भूमिका, तीच कमिटीची भूमिका. उपविधींत ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडचा खर्च, मेन्टेनन्सच्या दरातील वाढ, मोठी दुरुस्ती, पुनर्विकास हे विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावेच लागतात.

१९६० च्या कायद्यात २०१३ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब चे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. आदर्श उपविधींप्रमाणे १०० पर्यंत सभासद असलेल्या सोसायटीची कमिटी ११ जणांची असते. त्यात महिलांसाठी दोन, अनुसूचित जाती-जमातींसाठी एक, इतर मागासवर्गासाठी एक आणि भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी एक जागा राखीव आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही ती मान्यता मिळाली. म्हणजे या राखीव जागेवर आपल्यातील पात्र सभासद हक्काने उभा राहू शकतो.

सही म्हणजे काय?

येथेच सावध राहण्याची गरज आहे. समजा, ४० घरांची एक सोसायटी आहे. राखीव जागेवर आपल्यातील एका गृहस्थांचे नाव घातले गेले. ते पाळीवर कामाला जातात, सभेला क्वचितच पोहोचतात. महिन्यातून एकदा सेक्रेटरी प्रोसिडिंग बुक घेऊन दारात येतात, "येथे सही करा" म्हणतात, आणि हे सही करून देतात. महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या ताईंचेही तसेच. नाव त्यांचे, सही त्यांची, आणि सभेत बसणारे त्यांचे यजमान. पुढे एखाद्या कंत्राटात लाखो रुपयांचा घोटाळा निघाला तर काय होईल?

कायद्याने कमिटीचे सर्व सभासद कमिटीच्या निर्णयांना एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. "मला माहीत नव्हते" हे उत्तर चालत नाही. कलम ८३ खाली निबंधकांमार्फत चौकशी होऊ शकते आणि नुकसान ठरल्यास कलम ८८ खाली ते कमिटी सभासदांकडून वसूल होऊ शकते. निर्णय दुसऱ्याचा आणि भरपाई आपली, अशी पाळी येते.

यातून सुटण्याचा रस्ता कायद्यानेच दिला आहे. एखादा ठराव पटला नाही, तर विरोध तोंडी करून थांबू नये. तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. असा विरोध नोंदविणारा सभासद त्या ठरावाला जबाबदार धरला जात नाही. इच्छा असल्यास त्याने सात दिवसांच्या आत निबंधकांनाही लेखी कळवावे. सभेला हजर नसलेला सभासदही त्या कामकाजाला जबाबदार नसतो; पण नंतर त्याने ते इतिवृत्त कायम केले तर मात्र तो जबाबदार होतो. दारात आलेल्या वहीवर केलेली सही म्हणजे नेमके तेच. म्हणून पहिला नियम : जी सभा पाहिली नाही तिच्या हजेरीत सही करू नये, आणि जो कागद वाचला नाही त्यावर सही करू नये.

सभा आणि इतिवृत्त

कमिटीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी आणि तिची सूचना विषयांसह तीन पूर्ण दिवस आधी द्यावी. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक आहे. तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. वाजवी कारणाशिवाय ही सभा टाळणाऱ्या जबाबदार पदाधिकाऱ्यास निबंधक पाच वर्षांपर्यंत निवडणुकीस अपात्र ठरवू शकतात. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा हजर असतील तेवढ्यांवर चालते. घरी टीव्हीपुढे बसलेल्या तीस जणांचा निर्णय दहाजण घेतात, तो असा.

सभा, ठराव, गणपूर्ती हे शब्द ऐकले की आपल्याला ते इंग्रजांकडून आले असे वाटते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याची आठवण करून दिली की भारताला संसदीय कार्यपद्धती अपरिचित नव्हती. भिक्खू संघाला आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम ठाऊक होते. विनयपिटकात त्याची पद्धत दिसते. संघापुढे आधी 'ञत्ति' म्हणजे प्रस्ताव मांडला जाई. महत्त्वाच्या कामी तो मांडल्यानंतर तीन वेळा विचारणा होई. ज्याला मान्य त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. एकमत न झाल्यास शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या वाटल्या जात. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या उत्कर्षाची कारणे सांगताना भगवान बुद्धांनी वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठणे यांना पहिले स्थान दिले. तेव्हा सोसायटीच्या सभेला वेळेवर जाणे आणि बोलायची पाळी आली की उभे राहून बोलणे हे आपल्या परंपरेला धरूनच आहे.

इतिवृत्तात कोण हजर होते, विषय काय, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, विरोध कोणाचा, किती मतांनी मंजूर झाला, हे सर्व यावे. "सर्वानुमते मंजूर" हे शब्द खरोखर सर्वांचे मत असेल तरच लिहावेत. मधली ओळ मोकळी सोडू नये, खाडाखोड करू नये, पानांना क्रमांक असावेत.

पैशाचा हिशेब

सोसायटीचा पैसा बँकेतच ठेवावा. आलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि गेलेल्या प्रत्येक रकमेचे व्हाउचर असावे. सर्वसाधारण सभेने शासनमान्य नामिकेतून नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत, आणि त्याने काढलेल्या दोषांची दुरुस्ती करून अहवाल पाठवावा. खजिनदार कितीही सज्जन असला तरी हिशेब मागावा. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. उलट, चोख हिशेब हेच सज्जन माणसाचे खरे संरक्षण आहे.

काही मर्यादा प्रत्येकाने पाठ कराव्यात, कारण माहिती नसल्यामुळे आपली माणसे जादा पैसे भरतात किंवा कमिटीवर असल्यास जादा पैसे घेतात. थकबाकीवरील व्याज वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि ते सरळव्याज असावे. म्हणजे १२,००० रुपयांच्या थकबाकीवर एका वर्षाचे व्याज जास्तीत जास्त २,५२० रुपये. घर भाड्याने दिल्यास घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. सेवाशुल्क महिना १,००० रुपये असेल तर हे शुल्क १०० रुपयांवर जाऊ शकत नाही. घरात सभासदाचे आई-वडील, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ-बहीण राहत असतील तर ते मुळीच लागत नाही. घर विकताना सोसायटीने घ्यावयाचा हस्तांतरण अधिमूल्याचा आकडा महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. देणगीच्या नावाने त्यावर काही मागणे नियमबाह्य आहे. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याने असेल तर सिडकोचे हस्तांतरण शुल्क व परवानगी हा वेगळा विषय. त्याची सोसायटीच्या शुल्काशी गल्लत करू नये.

थकबाकीदाराचे पाणी तोडणे, त्याचे नाव लावून नाचक्की करणे हा वसुलीचा मार्ग नव्हे. लेखी नोटीस द्यावी, हप्ते बांधून देता येतात का पाहावे, आणि तरीही न भरल्यास कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा. नवी मुंबईसाठी सहकारी संस्थांच्या सहनिबंधकांचे सिडको विभागाचे कार्यालय बेलापूरला आहे. हेही ध्यानात ठेवावे की थकबाकीदार सभासदाला कमिटीवर राहता येत नाही. ज्याला दुसऱ्याकडे मागायचे आहे त्याने आपले आधी भरावे.

इमारत जिवंत ठेवणे

खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आणि कोकणच्या पावसात काँक्रीटमधील लोखंड गंजते. गंजले की फुगते, फुगले की काँक्रीटला तडे जातात आणि प्लास्टर सुटून पडते. वाशीतील सिडकोच्या जुन्या इमारतींतील रहिवाशांनी छताचे प्लास्टर कोसळण्याच्या भीतीत वर्षानुवर्षे दिवस काढले आहेत. भिंतीवर रंग मारून हा रोग बरा होत नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचना परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे लागते. अहवाल कपाटात बंद न ठेवता सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा. त्यासाठी पैसा हवा म्हणून दोन निधी आहेत. प्रत्येक घराच्या बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत वगळून) वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा करावयाचे असतात. बांधकाम खर्च १० लाख रुपये धरला तर वर्षाला २,५०० आणि ७,५०० रुपये होतात. ४० घरांच्या सोसायटीत यातून दरवर्षी १ लाख सिंकिंग फंडात व ३ लाख दुरुस्ती निधीत येतात. "मेन्टेनन्स कमी ठेवला" म्हणून जी कमिटी टाळ्या घेते, तिने बहुधा हेच निधी बुडविलेले असतात. पुढे मोठी दुरुस्ती निघते तेव्हा एकेका घरावर लाखाची वर्गणी येते, आणि ती न झेपणारा निवृत्त कामगार आयुष्याच्या कमाईचे घर विकून निघून जातो. निधी वेळेवर जमा करणे ही अशा माणसाची काळजी घेणेच आहे.

याखेरीज लिफ्टची तपासणी, टाकीची सफाई, इमारतीचा विमा, ओला-सुका कचरा वेगळा देणे ही कामे आहेत. ज्या उंच इमारतींना २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा लागू आहे तेथे यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. पुनर्विकासाचा विषय आला तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातील कार्यपद्धती आधी वाचावी. बिल्डरने आणलेला कागद घरोघर फिरवून सह्या घेणे ही ती पद्धत नव्हे.

दुर्बळाच्या बाजूने नियम

कमिटीची खरी परीक्षा सभासदाच्या अडचणीच्या वेळी होते. घरमालक वारला की विधवा भगिनीला कागदांसाठी हेलपाटे घातले जातात. सभासद वारल्यावर नामनिर्देशिताचे नाव लावणे सोसायटीवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही प्रकरणात दिला. त्याने वारसांचा मालकीहक्क मात्र बाधित होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नामनिर्देशिताला तात्पुरत्या सभासदाचे स्थान दिले आहे. म्हणून प्रत्येकाने नामनिर्देशनाचा अर्ज आजच भरावा, आणि कमिटीवरील माणसाने तो सर्वांकडून भरून घ्यावा.

तसेच पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, हे कायद्याच्या कलम २३ चे सार आहे. आडनाव विचारून, काय खाता हे विचारून घर नाकारल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. कमिटीत बसल्यावर आपण तोच प्रश्न दुसऱ्या कोणाला, मग तो मुसलमान असो, एकटी राहणारी स्त्री असो वा परप्रांतीय, विचारणार असू तर आपण बाबासाहेबांकडून काहीच घेतले नाही.

चार अगती

विनयात शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा हे सांगितले आहे. तो छंद म्हणजे आवड, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान आणि भय या चार वाटांनी न जाणारा असावा. कमिटी सभासदासाठी यापेक्षा चांगली कसोटी नाही. आपल्या मेव्हण्याला कंत्राट देणे हा छंद. मागच्या निवडणुकीत विरोधात गेलेल्याचा गळतीचा अर्ज दाबून ठेवणे हा दोस. उपविधी न वाचता निर्णय घेणे हा मोह. आणि मोठ्या आवाजाच्या चेअरमनपुढे चुकीच्या ठरावावर सही करणे हे भय. राखीव जागेवर बसलेल्या आपल्या माणसांना चौथी वाट सर्वांत जास्त ओढते. तिच्यावर उपाय एकच, नियमाची माहिती. ज्याच्या हातात उपविधींचे पुस्तक आहे आणि त्यातले पान ज्याला ठाऊक आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

विद्यार्थी मित्रांना येथे मोठे काम आहे. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी आपल्या सोसायटीचा ताळेबंद वाचून घरच्यांना समजावून सांगावा. कायदा शिकणाऱ्यांनी उपविधींतील दहा महत्त्वाचे नियम सोप्या मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावावेत. ज्यांच्या आई कमिटीवर आहेत त्यांनी सभेच्या आदल्या रात्री विषयपत्रिका त्यांच्यासोबत वाचावी, म्हणजे सभेला वडिलांना जावे लागणार नाही. ताई स्वतः जातील.

आणि कमिटीवरील प्रत्येक बंधु-भगिनीने मुदत संपताना शेअर सर्टिफिकेटची नोंदवही, सभासदांची 'आय' नमुन्यातील वही, इतिवृत्ते, बँकेची पासबुके, नकाशे आणि किल्ल्या यांची यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन नव्या कमिटीच्या स्वाधीन कराव्यात. त्या यादीची एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.

जयभीम. नमो बुद्धाय.